परत येणारं गिऱ्हाईक

दुसरबीडला जुन्या हमरस्त्यावर बाबांचं भज्यांचं हॉटेल आहे, आणि त्या भज्यांना अजिबात चव नव्हती. लेक असून सांगते, कारण हे साऱ्या गावाला माहीत होतं. बाबांनाही होतं. पण त्यांचं गणित सरळ होतं. ट्रॅव्हल्समधला माणूस घाईत उतरतो, खातो, तोंड वाकडं करतो आणि पुढच्या गावाला लागतो. तक्रार करायला तो काही नागपूरहून परत येत नाही. बेसन पातळ, तेल कालचं, आणि चटणी कधीची ते विचारू नये. एवढ्यावर आमचं घर चाललं, माझं कॉलेज झालं, म्हणून मी फार नाक मुरडू नये हेही खरं.

गावच्या माणसाला मात्र बाबा बाकावर टेकू देत नसत. गाववाला एका कट चहावर दुपार काढतो आणि सरकार पाडूनच उठतो, असं त्यांचं म्हणणं.

मग समृद्धी महामार्ग झाला आणि आमच्या रस्त्यावरची समृद्धी गेली. हा विनोद गावात प्रत्येकाने आपणच पहिल्यांदा केल्यासारखा केला, आणि बाबांना तो प्रत्येकाकडून ऐकावा लागला. ट्रॅव्हल्स तिकडून जायला लागल्या. बाबांनी आधी पाटी नव्याने रंगवली, मग लाइटच्या माळा सोडल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे त्या माळा घरी परतणाऱ्या म्हशी बघत. शेजारच्या हॉटेलांची शटरं पडली. आता आपलंही पडणार आणि या वयात कुठेतरी नोकरी धरावी लागणार, या धास्तीने बाबा खचले. जन्मभर दुसऱ्यावर खेकसलेल्या माणसाला मालकाचं खेकसणं कसं सोसणार? मला त्यांची फार कीव यायची, आणि ती दाखवली असती तर ते माझ्यावरही खेकसले असते.

एकदा ताट वाढताना आई म्हणाली, "आता गावालेच खाऊ घाला. पण मंग गावाले खाता येईन असं तळा."

बाबांनी तिच्याशी अबोला धरला. तो मोडला तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन, भिंतीकडे बघत, बेसन किती घट्ट भिजवायचं ते विचारत होते. आईने शिकवलं. कढईतलं जुनं तेल ओतून दिलं, त्या दिवशी बाबा घरातलं कोणी गेल्यासारखे न जेवता झोपले.

पण गाव काही येईना. इतकी वर्षं हाकललेली माणसं, ती कशाला येतील? समोर पंक्चरचं दुकान असलेले चाचा तेवढे रोज चहाला येत, पण भज्यांना त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बाबांनी एका सकाळी त्यांना हाताला धरून बसवलं आणि आईने घरून भिजवून दिलेल्या बेसनाच्या भज्यांची प्लेट पुढ्यात ठेवली. चाचांनी भजी खाल्ली, हात पुसले आणि काही न बोलता निघून गेले. बाबा दिवसभर पंक्चरच्या दुकानाकडे बघत होते. चाचा जरा आडोशाला गेले की यांचा जीव खाली-वर.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलातच होते. चहाची वेळ नसताना चाचा रस्ता ओलांडून येताना दिसले. आपली भजी खाऊन माणूस परत आलाच तर भांडायला येणार, एवढंच बाबांना ठाऊक. ते झारा घेऊन उभे राहिले आणि चाचांनी तोंड उघडायच्या आत सुरू झाले. तेल ताजं आहे, बेसन डोळ्यांदेखत दळून आणलंय, पोट बिघडलं असेल तर दुसऱ्या कशाने तरी बिघडलं असेल.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ते बाकावर बसले. "भांडाले नाही आलो, भाऊ. भजे खायाले आलो. कालच्यासारखेच दे."

बाबांनी झारा खाली ठेवला आणि आईला फोन लावला. "तो परत आला वं," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग मीच त्यांच्या हातातून फोन घेतला आणि काल बेसनात काय काय घातलं होतं ते आईला विचारून घेतलं.