मानेतली नस

माझ्यासारख्याने कुणाचं चित्र शब्दांत काढायला बसावं, हे जरा जास्तच होतंय, याची मला जाणीव आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण धुळ्यात ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहून मी कॉलेज केलं, त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांइतक्या माणसांच्या माना साऱ्या खानदेशात दुसऱ्या कुणी वळवल्या नसतील, एवढं मी खात्रीने सांगतो.

"भूल सुईत नसते, उशीत असते; आधी मान नीट ठेवा," असं ते म्हणत. स्कूटरवर पुढे औषधांची पेटी आणि मागे लहानमोठ्या चार उशा बांधून ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जात. एकाने गादीवाला समजून हाक मारली, तर हे थांबले आणि त्याची गादी तपासून आले. एसटीत शेजारचा प्रवासी पेंगू लागला की त्याची हनुवटी हलकेच वर उचलून खिडकीकडे वळवत. एका लग्नात फोटोला बसलेल्या नवरदेवाचं तोंड त्यांनी डावीकडे फिरवलं आणि "वा, काय मान आहे!" म्हणत गळ्याजवळच्या हाडामागे बोट दाबलं. नवरीच्या मामांनी त्यांना धरूनच बाजूला नेलं.

त्या बोटात मात्र जादू होती. हृदय नाजूक असलेल्या माणसाला पूर्ण भूल देणं धोक्याचं. मग ते मानेतून हातात उतरणारी नस बोटाने शोधून, तिथे सुई देऊन तेवढा हातच बधिर करत. "डॉक्टरसाहेब, मना हात कोठे गया?" असं एखादे आबा टेबलावरून ओरडले की स्वारी खूश! पण नस दिसत नाही, सगळा अंदाज. साक्रीकडच्या एका म्हाताऱ्याला सहा वेळा टोचूनही ती सापडली नाही. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. "माणसाच्या मानेत आंधळी कोशिंबीर खेळतो मी," म्हणाले.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की पोटातलं बाळ दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन नस का दाखवणार नाही? ते मशीन ओळखीच्या एका बाईडॉक्टरांकडे होतं. मान अर्थातच माझी. बाहेर बायका बसलेल्या.

"माय वं, या माणूसनं आठे काय काम शे?"

"दिवस गयात व्हतीन त्याले!"

मी मान खाली घालून आत गेलो, तर ती लगेच वळवून उशीवर ठेवण्यात आली. थंडगार चिकट औषध लावून डॉक्टर अर्धा तास मशीनचा दांडा फिरवत राहिले. "अहो, बाहेर नऊजणी खोळंबल्यात," बाईडॉक्टर वैतागल्या. पडदा माझ्यासमोरच होता. त्यावर नुसती राख पसरलेली.

"बघ रे, काही गोल दिसतंय?" आवाज इतका काकुळतीचा, की मी म्हणालो, "दिसली, सर."

पुढे कुणी हसलं की ते ठणकावत, "कॉलेजच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलीय!" आणि दर रविवारी त्या मशीनपुढे स्वतःची मान वाकडी करून बसत. मी खोटं बोललो होतो. ते सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.

नोकरीसाठी मी जळगावला आलो. परवा त्यांचं पत्र आलं. अक्षर पार थरथरतं. "परदेशात आता याच मशीनवर नस बघून सुई घालतात, असं मुंबईहून आलेल्या एका तरुण डॉक्टरने सांगितलं. म्हणजे आपण वेडे नव्हतो. माझे हात कापतात, काम थांबवलंय. एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं रे. मशीन बंदच करणार होतो. तू 'दिसली' म्हणालास, म्हणून पाहत राहिलो."