काकीच्या हातचं

आमच्या पाड्यात ही गोष्ट आजवर कुणी ऐकलेली नाही. येत्या खळ्याला ऐकतील — भात पोटरीत आलाय, म्हणजे फार दिवस उरलेले नाहीत. पण त्याआधी एकदा ती तोंडातून बाहेर काढून बघायची आहे, आणि तुम्ही ना माझ्या पाड्यातले, ना माझ्या शाळेतले. तेव्हा बसा. मध्ये बोलू नका. आणि कीव तर बिलकूल करू नका, मला ती सहन होत नाही.

मी जाड आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं कुतूहल मिटलं. लहानपणापासून जाड. साखरशेतकडच्या आमच्या पाड्यात सगळी माणसं काटक, उन्हात राबून वाळलेली, आणि त्यांत मी एकटी गरगरीत. खात होते तेच, जे सगळे खात होते — नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाजी. तरी फुगायची. शिकले, शिक्षिका झाले, जव्हारला घर केलं, तर आणखी फुगले. जीपवाला मला बघितलं की पुढची सीट मोकळी करायचा आणि ओरडायचा, "बाई बसल्या, आता पुढं कोण नको!" सगळी जीप हसायची. मीपण हसायची. का हसायची? त्याच्या कानाखाली का नाही काढली कधी? विचारतेय आपलं.

तर सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, मी नाशिकला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. दुर्बिणीतून करतात. जठराचा मोठा भाग कापून काढतात, आत केळ्याएवढी पिशवी ठेवतात. मग माणूस चार घासांत भरतो. पाड्यात सांगितलं, ट्रेनिंगला चाललेय. शाळेला सुट्टीच होती, तिथं काही सांगावं लागलं नाही. खरं फक्त नवऱ्याला ठाऊक.

ऑपरेशनची मला लाज नाही. गुडघे माझे दुखत होते, दम मला लागत होता, दोन जिने चढून वर्गात गेल्यावर पहिली पाच मिनिटं फळ्याकडं तोंड करून मीच उभी राहत होते — पोरांना वाटायचं बाई आज काय लिहिणार. माझं शरीर आहे, मी दुरुस्तीला टाकलं. कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण तेव्हा लाज होती. कबूल. आमच्याकडची माणसं भाताची झोडणी संपली की वीटभट्टीवर जातात, का जातात? पोटासाठी. आणि मी पोट कापायला नाशिकला गेले होते. हे कसं सांगायचं, कुठल्या तोंडानं? शाळेत दुपारी भाताच्या पातेल्यापाशी मी उभी असते, पोरी ताटली पुढं करून 'बाई, अजून' म्हणतात. त्यांच्या आयांना काय सांगणार होते — मला खायला जास्त होत होतं म्हणून जागाच कमी करून आले?

बरं, हे लपवलं. एवढंच असतं तर मी तुम्हाला इथं बसवून ठेवलंच नसतं. आपलं पोट आपण झाकलं, त्यात कबूल करायचं ते काय? माझा अपराध पुढंच आहे. येते त्याच्याकडं. जरा दमानं — सहा वर्षं गिळलेलं आहे.

आधी काकी सांगायला हवी. माझ्या चुलत्याची बायको, जानकीकाकी. चुलते लवकर गेले. एक लेक, ती लग्न होऊन तिकडं मोखाड्याच्या बाजूला, सूर्यमाळला. आई मजुरीला जायची तेव्हा मी काकीच्या चुलीपाशी वाढले. आणि काकीचा हात — काय सांगू! पाड्यात लग्न असो, बारसं असो, दहावं असो, चुलाण पेटलं की पहिली हाक काकीला. दोनशे माणसांचा भात ती नुसत्या नजरेनं मापायची. आणि वाढायची अशी की नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन घास जास्त पडायचे. मला ती 'जाडी' म्हणायची, पण तिच्या तोंडी ते लाडाचं होतं. तेवढं एकच माणूस जगात, ज्याच्या तोंडी ते मला चालायचं.

त्या वर्षी काकीच्या भाताची झोडणी झाली आणि खळ्यावर जेवण होतं. खळं म्हणजे आमच्याकडं साधी जागा नाही. शेणानं सारवलेलं, चप्पल बाहेर काढून आत पाऊल टाकायचं, आधी खळ्याला नैवेद्य, मग माणसांना. झोडायला आलेल्या बायका जेवून जाताना सूपभर भात घरी नेतात, तो त्यांचा मान. ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. मी तेव्हाच बरीच उतरले होते. काकीनं मला बघितलं आणि हातातला पळा तसाच राहिला. "काय झाला तुला, बाय? किती सुकलीस गं!" म्हणाली, आणि माझ्या पानात कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकर, वर भाताचा ढीग.

डॉक्टरांनी बजावलं होतं — घास बोटाच्या पेराएवढा, चावून चावून, जेवताना पाणी नाही. पण पंधरा बायका बघत होत्या. पान टाकलं तर विचारतील, हळू खाल्लं तर विचारतील. मी खाल्लं. भराभरा खाल्लं, वर तांब्याभर पाणी प्यायले. मग काय होणार? उठता उठता, तिथंच, सारवलेल्या खळ्यावर, भाताच्या राशीपासून दोन हातांवर — सगळं उलटून पडलं.

काकीनं माझी पाठ चोळली, तोंड धुतलं, राख टाकून जागा झाकली. मी डोळे पुसून वर बघितलं तर बायका निघाल्या होत्या. आणि सुपं तिथंच होती. ओळीनं ठेवलेली, भरलेली, पंधराच्या पंधरा. काकीच्या हातचं म्हणून एकीनंही भात नेला नव्हता.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: माझं ऑपरेशन झालंय, मला जास्त चालत नाही. किती वेळ लागतो हे म्हणायला? मी मूग गिळून बसले. पोटात दुसरं काही टिकत नव्हतं, मूग तेवढे टिकले.

पण थांबा. हेसुद्धा ते नव्हे. गप्प बसणाऱ्यांनी जग भरलंय, मी त्यांतली एक — असं म्हणून मी स्वतःला चार वर्षं झोपवलं. मी नुसती गप्प बसले नव्हते.

पुढच्या दोन महिन्यांत माझं वजन धडाधड उतरलं आणि केस गळायला लागले. तसं होतं, त्या ऑपरेशननंतर पुष्कळांचं होतं, मग परत येतात. एका रविवारी मी आईकडं गेले होते. आईनं दारात बसवून डोक्याला तेल लावायला घेतलं, आणि तिच्या हातात केसांचा पुंजकाच आला. तिनं तो बघितला. मग रडायला लागली — माझी आई, जिला मी बाप गेला तेव्हासुद्धा मोठ्यानं रडताना बघितलं नव्हतं. तेलकट हातात ते केस धरून तिनं मला विचारलं, "खरा सांग. काकीच्या खळ्यावर जेवलीस, तवापासूनच ना?"

मी म्हणाले, "हो."

झालं. हेच ते. एवढंच आहे. मान हलवली नाही, गप्प बसले नाही, 'काय माहीत' म्हणाले नाही. स्वच्छ, स्पष्ट, पोरांना उत्तर वाचून दाखवावं तसं — हो.

का म्हणाले? सांगण्यासारखी चार कारणं आहेत. एकही सांगणार नाही. कारण सांगितलं की ते वजा होतं, आणि मला त्यातलं काहीही वजा करायचं नाही.

काकीच्या हातचं बाधतं — आईनं हे कुणाला सांगितलं, त्यांनी कुणाला, मला ठाऊक नाही. मला दिसलं ते उन्हाळ्यात, भावाच्या लग्नात. काकी पहाटेच आली, पदर खोचून चुलाणाशी. आईनं तिच्या हातातून पळा काढून घेतला, अगदी हळू, आणि म्हणाली, "तू बस आज." काकी बसली. अख्खं लग्न होईपर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली. माझ्याकडं तिनं दोनदा बघितलं. मी नव्या साडीत होते, बारीक झाले होते, सगळ्या म्हणत होत्या काय छान दिसतेस. आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडत होतं.

त्यानंतर तिला कुणी चुलाणाला बोलावलं नाही. तिच्या घरी कुणी चहा घेईना. भांडण नाही, शिवी नाही, सगळे गोडच बोलायचे — नुसतं खायचं नाही. दोन पावसाळे तिनं काढले आणि मग लेकीकडं सूर्यमाळला निघून गेली.

आता पुढची गंमत ऐका. माझं वजन परत आलं. सगळं नाही, पण बऱ्यापैकी. ती पिशवी ताणली जाते, आणि चहा-बिस्किटं, शेव, गोड, हे त्यातून सुळकन खाली जातं. पाड्यात माझ्या अंगावर मांस चढताना सगळ्यांनी बघितलं आणि एकमेकींना म्हणाल्या — बघ, काकी गेली आणि पोर सुधारली. ज्या चरबीला मी जन्मभर शिव्या घातल्या, तीच काकीविरुद्ध साक्षीला उभी राहिली! आई माझ्या दंडावरून हात फिरवायची आणि देवापुढं दिवा लावायची. मी तो दिवा लावू दिला.

वजनासोबत जळजळही आली. जेवले की आंबट घशाशी येतं, वाकून फरशी पुसता येत नाही. या उन्हाळ्यात परत नाशिकला गेले. डॉक्टर म्हणाले, पहिलं ऑपरेशन फसलं म्हणायला हरकत नाही. आता पोटाचं बायपास करता येईल — दुसऱ्यांदा कापायचं म्हणजे धोका जास्त, खात्री कमी, विचार करून सांगा. विचार करतेय. लोक म्हणतील एकदा फसली तरी अक्कल आली नाही. म्हणोत! आंबट माझ्या घशाशी येतं, त्यांच्या नाही. करावंसं वाटलं तर दहादा करीन. नवरा बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, "गेल्या वेळेसारखं ट्रेनिंग सांगू."

ट्रेनिंग! तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी परत सुकणार, केस परत गळणार, आई परत तेलाची वाटी घेऊन बसणार. या वेळी कुणाच्या घरी जेवलेली असेन मी? या वेळी कुणाचा पळा जाईल?

मे महिन्यात मी सूर्यमाळला गेले. मोखाड्याहून जीपनं, पुढच्या अख्ख्या सीटवर. काकी विहिरीवरून येत होती, डोक्यावर दोन हंडे. त्या वयात. मला बघून थांबली नाही, हंडे उतरवले, ओट्यावर बसली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं — ऑपरेशन, खळं, केस, आई, आणि ते 'हो'. रडले नाही. रडून तिला माझी समजूत घालायला लावली असती, तेवढं तरी मी केलं नाही.

ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. पालथे केले, सरळ केले. मग म्हणाली, "मंग माझ्या हातात काय नव्हता?"

नव्हतं, मी म्हणाले. काही नव्हतं, काकी.

"मी कोणाला वाढत नाय आता," ती म्हणाली. "लेकीच्या पोरांना पन नाय. पानी पन नाय देत."

तुम्हाला कळलं का? मला वाटत होतं, पाड्यानं तिला वाळीत टाकलं, तिला राग असेल. राग असता तर बरं झालं असतं. तिला खरं वाटलं होतं. इतकी वर्षं, पोटच्या लेकीच्या पोरांना तिनं घास दिला नव्हता — माझ्यासारखं होईल म्हणून.

मी सांगितलं, या वर्षी आमच्या खळ्यावर, झोडणीला, सगळ्यांसमोर सांगणार आहे. ती म्हणाली, "सांग. मी नाय येनार." मग हंडे उचलून आत गेली. मला तिनं चहा विचारला नाही, पाणीसुद्धा नाही. मी तशीच जीपकडं चालत आले. उन्हातली ती तहान माझ्याच मिळकतीची होती.

ऑपरेशन करायचं की नाही, अजून ठरलेलं नाही. ते नंतर बघू. आधी खळं. नवरा म्हणतो, आईला आधी घरात सांग, चार भिंतींत. नाही. 'हो' चार भिंतींत म्हटलं होतं आणि ते सगळ्या पाड्यात गेलं. या वेळी पाड्यात म्हणेन, मग घरात जाऊ दे. आईचं तोंड कसं होईल मला ठाऊक आहे. जीपवाला काय ओरडेल तेही ठाऊक आहे. ओरडू दे.

चप्पल बाहेर काढीन. सुपं भरून ठेवलेली असतील. काय बोलायचं ते पाठ केलंय, आणि ते लांब नाही: काकीच्या जेवणात काही नव्हतं. पोट मी कापून घेतलं होतं. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. खोटं म्हणाले.