ढाबळीतले जंत

कबुतराच्या पोटात जंत होतात, एवढी साधी गोष्ट आमच्या घरात मान्य व्हायला निम्मी ढाबळ रिकामी व्हावी लागली.

माझा नवरा फौजेतून निवृत्त होऊन विट्याजवळच्या आमच्या गावी कायमचा आला, तेव्हा तो आता उसात लक्ष घालील असं मला वाटलं होतं. त्यानं पहिल्याच महिन्यात स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून जाळी ठोकली, आत फळ्यांची खोपटी केली आणि त्या ढाबळीत चाळीसेक कबुतरं आणून सोडली. उन्हाळ्यात सांगलीच्या बाजूला कबुतरांच्या शर्यती लागतात. सकाळी पाखरं सोडायची, आणि ज्याचं पाखरू सगळ्यात शेवटी खाली उतरेल तो जिंकला. म्हणजे दिवसभर काही घडत नाही, आणि ते न घडणं पाहायला मोठमोठे बाप्ये सतरंजीवर उताणे पडून आभाळाकडे तोंड उघडं टाकून बसतात. संध्याकाळी घरी येऊन मानेला बाम चोळून घेतात. चोळायला अर्थातच बायको.

माझं माहेर वाईचं. तिथं पारवे देवळाच्या शिखरावर असत आणि कुणी त्यांना पाहुण्यासारखं वागवत नसे. मी विट्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे नवरा मला चारचौघांत ‘मास्तरीणबाई’ म्हणतो, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनीही ठरवता आलेलं नाही.

कबुतरांबरोबर आमच्या घरी उस्ताद आला. हे त्याचं नाव नव्हे, पदवी. ती कुणी दिली हे विचारायची सोय नव्हती. सांगलीहून मोटारसायकलवर येणारा हा मध्यमवयीन गृहस्थ तंबाखू मळत जिना चढायचा, त्याच हातानं कबुतराची चोच उघडायचा, आत फुंकर मारायचा आणि डोळे मिटून निदान सांगायचा. माझा नवरा, ज्यानं सियाचीनला रायफल सांभाळली, तो त्याच्यापुढे सावधान उभा राहायचा.

‘फौजी, ढाबळ धुवायची न्हाई,’ उस्ताद सांगायचा. ‘शिटंची ऊब पाखराला लागती. धुतलं की थंडी भरती.’

न धुणं हे सोपं काम असल्यामुळे नवऱ्याला ते लगेच पटलं. खाली विष्ठेचा थर साचत गेला. त्याच थरावर ज्वारी आणि बाजरी फेकली जायची. पाण्याची थाळी जमिनीवर, आणि तिच्या काठावर बसून पाखरं तिच्यातच शिटायची. मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा उस्ताद म्हणाला, ‘वैनी, ह्यो पुस्तकातला विषय न्हाई.’

पावसाळ्याच्या तोंडाला पाखरं वाळायला लागली. दाणे भरपूर खात होती, तरी छातीचं हाड हाताला धारेसारखं लागत होतं. शीट हिरवी, पाण्यासारखी. जी पूर्वी तासन्तास वर राहायची ती दोन गिरक्या घेऊन खाली यायची आणि पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची. उस्तादनं चोच उघडली, फुंकली, डोळे मिटले.

‘नजर लागलीया,’ तो म्हणाला. ‘घरचीच हाय.’

घरात माणसं दोन. एक नवरा, दुसरी मी. त्या दिवसापासून मला स्लॅबवर जायची बंदी झाली आणि प्रत्येक पाखराच्या पायात काळा दोरा आला. माझ्याच शिवणाच्या डब्यातला.

मी भांडले नाही. जिन्यावर कबुतरं शिटायचीच. तिथली ताजी शीट मी एका छोट्या डबीत घेतली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलं, त्यात शीट कालवली, गाळली, परीक्षानळी काठोकाठ भरली आणि वर काचेची पातळ चकती ठेवली. खारट पाण्यात जंतांची अंडी तरंगून वर येतात आणि चकतीला चिकटतात. वीस मिनिटांनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. अंडीच अंडी होती. जाड कवचाची लंबगोल, आणि मधूनमधून दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी लिंबाच्या आकाराची. दोन जातींचे जंत. माझी नजर इतकी नेमकी लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मोबाइलनं फोटो काढून मी घरी आणला. नवऱ्यानं तो उस्तादपुढे धरला.

‘ही तर साबुदाण्याची खिचडी दिसतीया,’ उस्ताद म्हणाला.

दोघंही हसले. नवरा जरा जास्तच हसला. मला उस्तादची किळस यायचीच, त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याची आली.

चार दिवसांनी त्याची लाडकी पांढरी मादी मेली. तो तिला परसात पुरायला घेऊन निघाला होता. मी म्हटलं, ‘थांबा, आधी इथं ठेवा.’ कॉलेजात विच्छेदन बंद झाल्यावर त्याची पेटी कपाटात गंजत पडली होती, ती मी आदल्याच दिवशी घरी आणली होती. पत्र्यावर वर्तमानपत्र पसरलं, हातमोजे घातले आणि त्याच्या डोळ्यांसमोर मादीचं पोट उघडलं. आतडं जागोजागी फुगलं होतं. कात्रीचं टोक लावून ते सरळ चिरलं, तशा आतून पांढऱ्या शेवया बाहेर आल्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, एकमेकींत गुंतलेल्या. काही अजून हलत होत्या.

‘ही नजर,’ मी म्हणाले. ‘मोजून घ्या.’

तो मोजायला थांबला नाही. गोठ्यामागं जाऊन ओकला. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मला वाटलं, आता उस्तादचा जिना बंद होईल. तो दुसऱ्या दिवशी आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘जंतच हायत. मी पयल्या दिवशीच वळखलं हुतं. फौजी घाबरंल म्हून बोललो न्हाई.’ आणि माझ्या नवऱ्यानं मान डोलावली! एवढं झाल्यावरही.

त्याच दुपारी उस्तादनं कुणाच्या तरी गोठ्यातून एक बाटली आणली. मी ओट्यावर भाजी निवडत होते. माझ्यासमोरून ती जिन्याकडे गेली. पांढरं, दाट औषध, वर शेळीचं चित्र. शेळ्यांना जंतांसाठी पाजतात ते. मला त्या औषधाची माहिती होती असं नाही, पण शेळी आणि कबूतर यांच्या वजनातला फरक कळायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय पाखरं तेव्हा पिसं टाकत होती, नवी पिसं फुटत होती, शरीर आधीच ताणाखाली. एक हाक पुरली असती. ‘अहो, जनावरांच्या डॉक्टरना आधी विचारा.’

मी हाक मारली नाही. मनात आलं, ‘कळू दे एकदाचं.’ आणि मी पुढची शेंग मोडली.

वर दोघांनी इंजेक्शनच्या नळीनं, अंदाजानं, एकेका पाखराच्या घशात औषध सोडलं. उस्ताद मोठ्यानं सांगत होता, ‘हाणा अजून, ह्यो नर दांडगा हाय.’

आठवड्याभरात पाखरं मरायला लागली. रोज एक, कधी दोन. जी जगली त्यांची नवी पिसं वाकडीतिकडी, सुरकुतलेली यायला लागली. काहींच्या पिसांच्या नळ्यांत रक्त साकळलेलं. उडायला गेली की भिंतीवर आपटायची. उस्तादचा फोन लागेना. सांगलीहून आलेल्या एकानं सांगितलं, की फौजीच्या बायकोनं कबुतरं खाल्ली असं तो तिकडं सांगत फिरतो आहे. त्यातलं खोटं किती, याचा मी पुष्कळ विचार केला.

शेवटी नवराच उठला. खोक्याला भोकं पाडून त्यात दोन पाखरं घातली आणि मला म्हणाला, ‘चल दवाखान्यात. तुला डॉक्टरांची भाषा कळती.’ विट्याच्या सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. त्यांनी पाखराचा पंख पसरला आणि लगेच विचारलं, ‘शेळीचं औषध पाजलं का?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘ते कबुतरांना बाधतं. पिसं फुटताना तर फारच.’ त्यांनी पाखरू वजनकाट्यावर ठेवलं, आकडा लिहिला. कबुतरांना चालेल असं दुसरं औषध दिलं, वजनाप्रमाणे थेंब ठरवून. तेही अशक्त पाखरं सावरल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या खेपेला वाचलेले बारके जंत तोवर मोठे होतात. ‘पण ढाबळ अशीच ठेवलीत तर औषध वाया,’ त्या म्हणाल्या. ‘अंडी शिटेत असतात. पाखरू तीच परत टिपतं. रोज खरवडा, कोरडी ठेवा, दाणा भांड्यात द्या, पाणी उंचावर. नवीन पाखरू आणलं की महिनाभर वेगळं. आणि शीट तपासल्याशिवाय पुढचा डोस नाही.’

नवऱ्यानं ते सगळं ऑर्डर घेतल्यासारखं ऐकलं. घरी येऊन त्यानं तळाची फळी काढून जाळी बसवली, म्हणजे विष्ठा खालच्या पत्र्यावर पडेल आणि पाखराची चोच तिथं पोचणार नाही. रोज सकाळी पत्रा खरवडायचा. फौजेत बराकीची तपासणी कशी होते हे मी त्या दिवसांत पाहिलं. हेच सगळं मी पहिल्या पावसाआधी दोनदा सांगितलं होतं. पण ते बायकोनं सांगितलं होतं.

एकदा मी पाखरू धरलं होतं आणि तो थेंब मोजत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, ‘त्या दिवशी बाटली बघितली हुतीस न्हवं तू?’

‘बघितली होती.’

‘मग?’

‘तुम्ही त्याचं ऐकत होता. मला वाटलं, ऐका.’

त्यानं थेंब पुन्हा पहिल्यापासून मोजले. नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर जास्त दिवस बोलले नसते. उस्तादला मी मूर्ख म्हणत आले, पण तो बिचारा मूर्खच होता. मी तर चार बुकं शिकून ओट्यावर बसून राहिले होते.

सतरा पाखरं राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी पिसं टाकली आणि नवी सरळ आली, दोघांची सोडून. त्या दोघांना नवऱ्यानं दान केलं नाही की सोडून दिलं नाही. ती खालच्या खणात असतात, चालत दाण्यापर्यंत जातात. शीट मी दर काही महिन्यांनी तपासते.

आता सांगलीहून, आष्ट्याहून लोक नवऱ्याला विचारायला येतात. चहा मी करते. वर स्लॅबवर तो त्यांना सांगत असतो, ‘आवं, आंधळेपणानं औषध पाजायचं न्हाई. आदी शीट तपासा. हे मी लय आदीपास्नं सांगत आलोय.’ आणि ती माणसं, तोंड उघडं टाकून, मान डोलावतात.