सेम-सेम गोळी
“सेम-सेम आहे, तर जिभेखाली खडूसारखी का बसते?” दुबईत अल मनखूलच्या फार्मसीत मी अशी ओरडले, की पार शारजापर्यंत ऐकू गेलं असेल. मंदीत आमची अर्धी बिल्डिंग रिकामी झाली, त्याच सुमारास माझी थायरॉइडची गोळीही कंपनीने बदलली. डुकराच्या ग्रंथीपासून केलेली ती गोळी मी सासूबाईंपासून लपवून घ्यायचे. जुनी उग्र वासाची होती, पण लगेच विरघळायची आणि मी माणसात असायचे. नव्या गोळीने केस इतके गळले की एक उशी भरली असती, आणि भाजी ढवळताना उभ्याउभ्या डुलकी लागायची. फार्मसिस्टचं मात्र दर वेळी एकच, “मॅडम, सेम-सेम. पुराना स्टॉक खलास.” दर दिवाळीला माझ्या करंज्या खाणारा माणूस, म्हणून मी विश्वास ठेवला. त्या दिवशी त्याने सुट्टे काढायला खण उघडला आणि तोच उग्र वास आला. आत जुन्या गोळ्यांच्या चार बाटल्या होत्या, एक उघडी. “वाइफ का है,” तो पुटपुटला. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मी म्हटलं, “सेम-सेम है ना, तो उसको नया दो.” खण लावत तो म्हणाला, “उसको नया वाला सूट नहीं होता.”