खोडणं नाही

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. दर रविवारी त्या व्हरांड्यात लहान पोरांना जपानी पद्धतीची, शाईची आणि जलरंगांची चित्रं शिकवत. चंदनाच्या सहाणेवर शाईची कांडी इतक्या सावकाश उगाळत, की तेवढ्यात एखाद्याचं लग्न जमून बारसंही उरकावं. "ब्रश टेकला का मंग खोडणं नाही," हा त्यांचा एकच नियम. पोरं श्वास रोखून बसत. शपथेवर सांगतो, लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प होत.

एकदा आमच्या लेकीच्या, चिमीच्या, चित्रातल्या सारस पक्ष्यावर शाईचा भला मोठा थेंब पडला. तिने ब्रश फेकला. "मले नाही येत! मी आता येतच नाही!"

"रडून काहून राहिली, माय?" म्हणत काकूंनी भिंतीवरचं स्वतःचं चित्र उतरवलं. धुक्यातला तलाव, जिवापाड जपलेला. त्यावर शाईने भरलेला ब्रश सरळ झटकला.

"सांग आता, माह्या तलावात हे काय पडलं?"

चिमीने नाक पुसलं. "म्हैस."

"मंग तिची शेपटी कोण काढन? तुहा बाप?"

चिमीने ब्रश उचलला. शेपटी अशी ओढली, की कागद संपला तरी थांबेना. फरशीवर हातभर गेली. काकूंनी ती पुसली नाही.

पुढे काकू क्वार्टर सोडून गेल्या. नव्या बिऱ्हाडाने घासून घासून फरशीला खड्डा पाडला, पण शेपटी जागची हलत नाही. मी तिथे चहाला जातो, तेव्हा पाय जरा बाजूला घेऊनच बसतो.