तांडेलांचा खांदा कोणी ओढला

"आधी ती बाई बदला, मग बोलू." रेवदंड्याहून आमच्या पेशंटच्या थोरल्या मुलाचा, मोरेश्वरचा फोन होता. वडिलांचा डावा खांदा निसटलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरच्यांच्या मते तो आमच्या अटेंडंटने, सुगंधाने उचलताना ओढला होता.

मी अलिबागच्या एका होमकेअर कंपनीत सुपरवायझर नर्स आहे. घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायचं आणि त्यांचं काम तपासायचं, ही माझी ड्युटी. कंपनी चालवणाऱ्या सरांना कळवलं, तर त्यांनी निकाल लावूनच टाकला. सॉरी म्हणा, तिला काढा, इन्सिडेंट क्लोज करा.

मला राग आला. पेशंटला इजा केल्याचा ठपका बसला की त्या बाईला या पट्ट्यात कोणी पुन्हा घरात घेत नाही. सुगंधा पालीची, एकटी, आणि काम जीव लावून करणारी. मी म्हटलं, सर, आपल्याच नियमात आधी चौकशी लिहिलीय. सरांना नियमांची आठवण करून दिलेली आवडत नाही. पण एक दिवस दिला.

पेशंट म्हणजे जुने तांडेल, होडीचे प्रमुख. लकव्याने डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. लकव्यात ते ढिले पडतात. अशा माणसाला काखेत हात घालून उचललं की सांधा निसटतो. म्हणून आमच्याकडे कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि तो धरूनच उठवायचं.

मी रेवदंड्याला पोचले तेव्हा सुगंधा रडत बसली होती. "ताई, मी पट्ट्याशिवाय एकदाही उठवलं नाही," एवढंच म्हणाली. मी तिचे महिन्याभराचे चार्ट मागितले. त्यात पेन स्कोअर असतो. पेशंटला सकाळ-संध्याकाळ विचारायचं, किती दुखतं? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. बरेच दिवस एक-दोन होते. मध्येच चार दिवस सहा-सात. मग खाली, आणि पंधरवड्याने पुन्हा तसेच चार दिवस.

ती तर रोजच उठवत होती. मग रोज का दुखत नव्हतं?

भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या. दोन्ही वेळा अष्टमीच्या आसपास. सुगंधा डोंगराकडची, तिला यातलं काय कळणार? मी मुरुडची. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाण्याला ओढ कमी, जाळ्यात मासळी कमी. होड्या किनाऱ्याला आणि मुलगे घरी.

मोरेश्वरला विचारलं, भांगाला बाबांना कोण उठवतं?

"आमी चौघं हाव ना. तवा बाई कशाला पायजे?" तो अभिमानाने म्हणाला. "दोगं बगलंत धरतो न् होडी दाखवायला न्हेतो."

पलंगावरून तांडेल हळूहळू बोलले. "ती पट्टा लावते. तुमी वढता."

सुगंधाने मान खाली घातली; घरच्या मुलांकडे बोट दाखवायची तिची हिंमत झाली नव्हती. मोरेश्वरचं तोंड उतरलं. आधी का नाही बोललात, असं तांडेलांच्या बायकोने विचारलं.

"बोललो असतो तर होडीकडं कोनी न्हेला असता?"

 मी कामाला लागले. मोरेश्वरला पलंगावर बसवलं, डावा हात सैल सोडायला लावला आणि सुगंधाला म्हटलं, उठव याला. ती त्याच्या निम्मी. पट्टा धरून, गुडघे वाकवून तिने त्याला अलगद उभा केला. धाकटे तिघे हसायला लागले, तेव्हा तिने त्यांनाही रांगेत घेतलं. सगळ्यात धाकटा तीनदा नापास झाला. चौथ्यांदा पास केला तोही बाईसाहेबांनी फार मेहेरबानी म्हणून.

पुढच्या भांगाला स्कोअर एक, दोन, एक. खांदा पूर्ण जागेवर आला नाही, पण दुखणं ओसरलं. होडीकडची फेरी चालूच आहे, आता पट्ट्याने. मोरेश्वरने सरांना स्वतः फोन केला, की सुगंधाताईला हलवलंत तर दुसरी कोणी आम्ही घेणार नाही. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना वडापाव खिलवला.

आमच्या चार्टमध्ये आता एक रकाना वाढलाय. सर मीटिंगमध्ये तो स्वतःची आयडिया म्हणून सांगतात. सांगू देत. महिनाभर दिवसातून दोनदा आम्ही तांडेलांना किती दुखतं ते विचारत होतो. कशाने दुखतं, हे एकदाही कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.