महाराज आणि न मेलेला राक्षस

आमचे महाराज ढेकणालासुद्धा पाठीमागून मारीत नसत. गादीवर ढेकूण दिसला की काडीने त्यास आधी समोर वळवून घेत आणि मगच त्याचा निकाल लावीत. तेवढ्यात तो फटीत शिरलाच, तर काडी खाली ठेवून म्हणत, "गेलो बिचारो. पळत्यार वार नाय."

महाराज नाहूरच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर राहत. मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात ते मालाच्या लाकडी पेट्या ठोकू लागले. परंतु गणेशोत्सवात चाळीपुढे होणाऱ्या दशावतारी नाटकातला राजा नेहमी तेच. मुकुट वर्षातून एकदा डोक्यावर चढे, राजधर्म मात्र बारा महिने अंगात असे. निःशस्त्रावर वार नाही, पाठीवर वार नाही, शरण आलेल्यास अभय. मी कचेरीसमोर अर्ज लिहिणारा माणूस. शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी कायद्याच्या भाषेत माझी हयात गेली आहे. इतकी नेटकी कलमे मी सरकारी कागदातही क्वचितच पाहिली.

एकदा वरच्या बिऱ्हाडकरूने त्यांच्या वाळत्या धोतरावर खरकटे पाणी ओतले. महाराज तावातावाने जिना चढले आणि तसेच परत आले. "त्येचो आवाज बसलोहा," ते मला म्हणाले, "आता भांडलंय तर लोक काय म्हणतीत?" त्यांनी त्यास आल्याचा काढा पाठविला, आणि तो खणखणीत बोलू लागल्यावर सबंध चाळ जमवून यथास्थित भांडण केले.

या राजधर्मानेच एकदा घात केला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा सर्वांस ठाऊक असते. बोलणे ज्याने त्याने ऐनवेळी रचायचे, आणि एकदा बोललेले मागे घ्यायचे नाही. त्या वर्षी राक्षस होता बाबल, महाराजांच्याच कारखान्यातला. पखवाज आणि झांजांच्या तालावर युद्ध रंगात आले असता बाबलची लाकडी तलवार मधोमध मोडली. दुसऱ्या कोणी त्याच क्षणी वार करून कथा संपविली असती. महाराजांनी तलवार म्यान केली.

"हे दैत्यराज, निःशस्त्रावर शस्त्र उगारणे हा आमचा धर्म नव्हे. जा, दुसरे शस्त्र घेऊन ये!"

"अरे मार मरे माका!" बाबल दातांत पुटपुटला. "दुसरी तलवार खंय आसा?"

परंतु शब्द गेला होता. बाबल आत गेला तो बाहेर येईना. महाराज रंगमंचावर ताठ उभे. पेटीवाला तीच चाल आळवून थकला. शेवटी नारदाने येऊन राक्षसास पश्चात्ताप झाल्याचे जाहीर केले आणि पडदा पाडला. बायका खवळल्या. "राक्षस जिवंत ठेवून घरी कसं जायचं? आता काय आमच्या जिन्याखाली राहणार तो?" दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले नाही, तेही राक्षसाच्याच नावावर गेले.

मंडळाने मांडवातच सभा भरविली. महाराजांचा मुकुट काढून घ्यावा काय, हा विषय. मी उपरोक्त तिन्ही कलमांच्या आधारे त्यांची बाजू मांडली, आणि ती बिनतोड होती. अध्यक्षांनी मानही डोलावली. तेवढ्यात बाबल उभा राहिला.

"ह्येनी माझा मराण खाल्ल्यान!" तो ओरडला. "वर्सभर मरूची तालीम केलंय मी! सासरची माणसा मुद्दाम गावसून इली होती. त्येंनी काय बघल्यानी? जावय पडद्याआड बसलो तो?"

कोणी हसले. महाराज हसले नाहीत. राक्षसाची सारी भूमिका त्याच्या मरणासाठी असते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? त्यांनी मुकुट आपण होऊन बाबलपुढे ठेवला. "गुन्हो कबूल. अभय दिलंय, पण समोरच्याचो मान कशात आसा, ता इचारूक नाय."

मुकुट बाबलनेच उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "फुडच्या वर्सा मात्र नीट मार हां!"

पुढच्या वर्षी महाराजांनी कारखान्यातल्या पेटीच्या फळीतून तिसरी तलवार घडवून कमरेला खोचली होती. ऐन युद्धात ती दोन्ही हातांनी राक्षसास अर्पण केली, त्याची जुनी टाकावयास लावली आणि मग वार केला. बाबल रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेला. मध्ये दोनदा उठला. त्याच्या सासऱ्यांनी डोळे पुसले.

नोकरी संपल्यावर महाराज गावी निघाले, तेव्हा ती तिसरी तलवार माझ्या हाती देऊन म्हणाले, "तुमच्या पेनाकय धार आसा. समोरच्याच्या हातात कायतरी आसा काय, ता बघा." पुढे त्यांच्या निधनाची वार्ता आली. झोपेत, समोरून काहीही न येता गेले. त्यांस हे रुचले नसावे.

तलवार माझ्या टेबलामागे टांगलेली आहे. कोणी कोणाविरुद्ध अर्ज लिहवून घ्यावयास आला, की मी प्रथम विचारतो, समोरच्याकडे लिहिणारा कोणी आहे काय? नसल्यास त्यासही घेऊन या, म्हणतो. गिऱ्हाईक वैतागते. "अहो, तुम्ही माझ्या बाजूचे ना?" मी खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "तुमच्याच बाजूचा आहे. म्हणूनच बोलवा त्यांना."